मृग ठरलेला, गणपती मागे-पुढे

आमच्या रात्रीच्या वर्गात एक आबा येतात. वय साठीच्या पुढचे. अक्षरे आता चांगली जुळवतात. एके दिवशी भिंतीवरचे कॅलेंडर ते बोट ठेवून वाचत होते. वाचता वाचता थांबले आणि म्हणाले,

"गुरुजी, एक इचारू का? मृग दरसाल सात-आठ जूनला लागतो. त्यो काय हलत न्हाई. मग गणपती का हलतो? कधी ऑगस्टात येतो, कधी सप्टेंबरात. दोन्ही आभाळातलीच गणितं ना?"

मागून एक काकू म्हणाल्या, "आन् धोंड्याचा महिना मधीच कुठनं येतो? जावयाला अनारसं घालायला व्हय?"

सगळा वर्ग हसला. पण आबा हसले नाहीत. त्यांनी हा प्रश्न उगीच विचारला नव्हता. २०२३ साली मृग लागला तसा वळवाचा एक पाऊस झाला. मृग आला, आता पाऊस येणारच, असे म्हणून आबांनी पेरून टाकले. पुढे पंधरा दिवस आभाळ कोरडे. बी उगवले आणि करपले. घरची शेळी विकून आबांना दुसऱ्यांदा बी आणावे लागले.

"मृगानं मला फसवलं," असे आबा म्हणत.

मंडळी, मृगाने आबांना फसवले का? मृग म्हणजे आहे तरी काय? चला, आपण आभाळाचा हा हिशेब मुळापासून समजून घेऊ. तो अवघड नाही. आपल्या खळ्यात आणि अंगणात बसून समजेल असा आहे.

पृथ्वीच्या दोन चाली

आपली पृथ्वी चेंडूसारखी गोल आहे. मधोमध आरपार मोजली तर ती सुमारे १२,७५० किलोमीटर भरते. ती अधांतरी आहे आणि सतत फिरते आहे. तिच्या चाली दोन.

पहिली चाल स्वतःभोवतीची. भोवरा गरगर फिरतो तशी ती फिरते. अशी एक फेरी झाली की एक दिवस आणि एक रात्र होते. सूर्यासमोर आलेल्या बाजूला दिवस, पाठीमागच्या बाजूला रात्र. सूर्य उगवला, सूर्य मावळला, असे आपण म्हणतो. खरे तर सूर्य आपल्याभोवती फिरत नाही, आपणच फिरतो. एस.टी.त बसले की रस्त्याकडेची झाडे मागे पळताना दिसतात ना? तसेच हे. आपल्या देशात आर्यभट नावाचे मोठे गणिती होऊन गेले. सन ४९९ मध्ये त्यांनी ग्रंथ लिहिला. नावेतल्या माणसाला काठ मागे जाताना दिसतो, तसे तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात, हा दाखला त्यांनी तेव्हाच दिला होता.

दुसरी चाल सूर्याभोवतीची. सूर्याला एक पुरी फेरी घालायला पृथ्वीला ३६५ दिवस आणि सुमारे सहा तास लागतात. हेच आपले वर्ष. वरचे सहा तास चार वर्षांत साठून एक दिवस होतो. म्हणून दर चार वर्षांनी फेब्रुवारी २९ दिवसांचा धरतात.

सूर्य आपल्यापासून किती लांब आहे? सुमारे १५ कोटी किलोमीटर. एवढ्या आकड्याने नीट कळायचे नाही. म्हणून असे समजा. पृथ्वी म्हणजे आपल्या हातातले एक मोसंबे. मग चंद्र होईल एक बोर, आणि ते ठेवावे लागेल मोसंब्यापासून सुमारे सात फुटांवर. आणि सूर्य? तो होईल दुमजली घराएवढा गोळा. तो ठेवावा लागेल जवळजवळ पाऊण किलोमीटर लांब, गावाच्या वेशीबाहेर! इतक्या लांबून येणाऱ्या उन्हाला आपल्यापर्यंत पोचायला आठ मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो.

मृग लागतो म्हणजे काय होते?

आता मळणी यंत्रावर होते. पण जाणत्या माणसांना खळे आठवत असेल. खळ्यात मधोमध मेढ रोवायची. कोणी तिला तिवडा म्हणतात. तिच्याभोवती बैल फिरायचे आणि त्यांच्यामागे आपण.

फिरता फिरता मेढीकडे बघितले तर काय दिसायचे? एका जागेवरून मेढीच्या पाठीमागे लिंब दिसायचा. थोडे पुढे गेले की मेढीमागे विहीर. आणखी पुढे गेले की मेढीमागे घर. मेढ जागची हलत नव्हती. लिंब, विहीर, घरही हलत नव्हते. फिरत होतो आपण. पण वाटायचे असे की, मेढच लिंबाकडून विहिरीकडे आणि विहिरीकडून घराकडे चालली आहे.

तसेच आभाळात आहे. सूर्य ही मेढ. पृथ्वी तिच्याभोवती फिरते. आणि लांब, सगळ्या बाजूंनी, तारे आहेत. पृथ्वी जशी पुढे सरकते तसा सूर्य कधी या ताऱ्यांपुढे दिसतो, कधी त्या ताऱ्यांपुढे. आपल्या जुन्या लोकांनी या वाटेवरच्या ताऱ्यांचे २७ भाग पाडले आणि त्यांना नावे दिली. हीच २७ नक्षत्रे. वर्षाचे ३६५ दिवस २७ भागांत वाटले की एका नक्षत्राला साडेतेरा दिवस येतात. म्हणून पावसाचे नक्षत्र तेरा-चौदा दिवसांनी बदलते. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, अशी ही ओळ आपल्याला पाठच असते.

तेव्हा "मृग लागला" याचा अर्थ एवढाच, की पृथ्वी फिरत फिरत अशा जागी आली, जिथून सूर्य मृगाच्या भागात दिसतो. ही जागा दरवर्षी त्याच सुमाराला येते. म्हणून मृगाची तारीख सात किंवा आठ जून. एका दिवसाचा फरक त्या वरच्या सहा तासांमुळे पडतो. मकर संक्रांतही सूर्याच्याच चालीवर मोजतात. म्हणून तीही चौदा-पंधरा जानेवारी सोडत नाही.

मृगाचे तारे आपल्याला जूनमध्ये मात्र दिसत नाहीत. सूर्य त्यांच्याच पुढे असतो, त्याच्या उजेडात ते लपतात. ते बघायचे असतील तर थंडीत बघा. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आभाळात तीन तारे एका सरळ ओळीत दिसतात. त्यांना मृगाचा बाण म्हणतात. भोवती चार ठळक तारे चौकोनात असतात. तेच मृगाचे चार पाय.

चंद्राचा महिना

आता चंद्राकडे वळू. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो. तो आपल्यापासून सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटर लांब आहे. त्याला स्वतःचा उजेड नाही. सूर्याचे ऊन त्याच्यावर पडते आणि तेच आपल्याला चांदणे म्हणून दिसते. तिथे दगड आणि माती आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपल्या देशाचे चांद्रयान-३ त्या मातीवर उतरले.

चंद्र कमी-जास्त का दिसतो? हे वर्गात आम्ही करून दाखवले. खोलीत एकच दिवा ठेवला. काकूंच्या हातात एक मोसंबे दिले आणि हात लांब करून ते डोक्यापेक्षा थोडे वर धरायला सांगितले. दिवा म्हणजे सूर्य, मोसंबे म्हणजे चंद्र, आणि काकूंचे डोके म्हणजे आपली पृथ्वी.

काकू दिव्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मोसंब्याची उजेडाची बाजू दिव्याकडे, अंधाराची बाजू काकूंकडे. "ही अवस," काकू म्हणाल्या. मग त्या जागच्या जागी डावीकडे हळूहळू वळल्या. मोसंब्यावर उजेडाची बारीक कोर दिसली. पाव फेरी झाल्यावर अर्धे मोसंबे उजळलेले दिसले. दिव्याकडे पाठ होताच सगळे मोसंबे उजळले.

"अगंबाई, पुनव!" काकू एकदम म्हणाल्या. "म्हंजे चंद्र झिजत न्हाई न् वाढत न्हाई. आपल्याला त्याची उजेडाची बाजू कमी-जास्त दिसती!"

बरोबर. एका अवसेपासून दुसऱ्या अवसेपर्यंत साडेएकोणतीस दिवस लागतात. नेमके सांगायचे तर २९ दिवस, १२ तास आणि सुमारे ४४ मिनिटे. हा चंद्राचा महिना. याचेच तीस भाग केले की तीस तिथी होतात. गणेश चतुर्थी म्हणजे भाद्रपदातली अवसेनंतरची चौथी तिथी. आषाढी एकादशी, दसरा, दिवाळी, होळी, हे सगळे सण तिथीवर चालतात. म्हणजे ते चंद्राला बांधलेले आहेत.

आपल्या महिन्यांची नावेही चंद्रानेच दिली आहेत. ज्या महिन्यात पुनवेचा चंद्र चित्रा नक्षत्राजवळ असतो तो चैत्र. कृत्तिकेजवळ असतो तो कार्तिक. मृगशीर्षाजवळ असतो तो मार्गशीर्ष.

अकरा दिवसांची तूट

आता खरा हिशेब करू. पाटीवर मांडा.

चंद्राचा एक महिना साडेएकोणतीस दिवसांचा. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस. सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. तूट किती? ११ दिवस.

म्हणजे चंद्राच्या बारा महिन्यांचे वर्ष अकरा दिवस आधीच संपते. म्हणून तिथीवरचा सण पुढच्या वर्षी अकरा दिवस अलीकडे येतो. गणेश चतुर्थीच्या तारखा बघा :

२०२१ साली १० सप्टेंबर
२०२२ साली ३१ ऑगस्ट
२०२३ साली १९ सप्टेंबर
२०२४ साली ७ सप्टेंबर
२०२५ साली २७ ऑगस्ट
२०२६ साली १४ सप्टेंबर

बहुतेक वर्षी गणपती दहा ते बारा दिवस अलीकडे आला. पण २०२३ आणि २०२६ या दोन साली तो एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे गेला. असे का?

काकूंच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. दरवर्षी अकरा दिवसांची तूट होऊ दिली, तर तीन वर्षांत ती तेहतीस दिवसांची होईल. सोळा-सतरा वर्षांत दिवाळी भर उन्हाळ्यात येईल आणि होळी पावसात. तसे होऊ नये म्हणून तूट महिनाभराची झाली की एक जादा महिना घालतात. हाच अधिक महिना, आपला धोंड्याचा महिना. तो सुमारे पावणेतीन वर्षांनी येतो. एकोणीस वर्षांत असे सात महिने येतात. २०२३ साली श्रावण अधिक होता. २०२६ साली १७ मे ते १५ जून ज्येष्ठ अधिक. म्हणून त्या दोन साली गणपती पुढे गेला.

हा महिना कुणाच्या लहरीने घालत नाहीत. सूर्याच्या वाटेच्या बारा राशी आहेत. एका राशीत सूर्य सुमारे महिनाभर असतो, चंद्राच्या महिन्यापेक्षा थोडा जास्तच. त्यामुळे कधी कधी चंद्राचा एक महिना असा जातो, की त्यात सूर्य रास बदलतच नाही. तोच महिना अधिक. चंद्राचा हिशेब सूर्याशी जुळवून घेण्याची ही युक्ती आहे.

आमच्या वर्गात एक चाचा आहेत. ते म्हणाले, "आमच्यात असा महिना घालत नाहीत." बरोबर आहे. मुसलमानी वर्ष शुद्ध चंद्राचे असते. म्हणून रमजान ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०२३ साली आपल्याकडे ती २२ एप्रिलला होती, २०२४ साली ११ एप्रिलला, २०२५ साली ३१ मार्चला. सुमारे तेहतीस वर्षांत ईद सगळ्या ऋतूंतून फिरून येते.

आणखी एक काटा आहे, तो गुरूचा. पृथ्वीसारखे आणखी सात ग्रह सूर्याभोवती फिरतात. त्यांतला सर्वांत मोठा गुरू. त्याला एक फेरी घालायला जवळजवळ बारा वर्षे लागतात. गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ येतो. म्हणून तो बारा वर्षांनी. २००३ साली झाला, मग २०१५ साली.

ऋतू कशाने होतात?

आबा म्हणाले, "म्हंजे गणपती चंद्राचा आन् मृग सूर्याचा. हे समजलं. पण पाऊस कुणाचा?"

पाऊस सूर्याचा, पण एकट्या सूर्याचा नाही. हे नीट समजून घ्या.

पृथ्वी भोवऱ्यासारखी फिरते, पण ताठ उभी नाही. ती थोडी कललेली आहे. तसाच कल ठेवून ती सूर्याभोवती जाते. त्यामुळे जूनमध्ये तिची उत्तरेची बाजू सूर्याकडे झुकलेली असते. आपण त्याच बाजूला आहोत. तेव्हा आपला दिवस मोठा होतो, ऊन डोक्यावरून पडते, जमीन तापते. २१ जूनच्या सुमारास आपल्याकडे दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. डिसेंबरमध्ये ती बाजू पलीकडे झुकते. मग दिवस सुमारे अकरा तासांवर येतो, ऊन तिरपे पडते आणि थंडी येते.

काहींना वाटते की, उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते. तसे नाही. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपल्या थंडीत! ऋतू कलामुळे होतात.

एप्रिल-मेमध्ये जमीन फार तापते. समुद्र तेवढा तापत नाही. जमिनीवरची तापलेली हवा वर जाते. तिच्या जागी समुद्रावरची ओली हवा धावत येते. तीच सह्याद्रीला अडते, वर चढते, निवते आणि पाऊस पडतो. सूर्याची जागा दरवर्षी त्याच वेळी तीच असते, म्हणून पाऊसही जूनच्या आसपास येतो. आपल्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या बघून ही सांगड घातली : सूर्य मृगात आला की पावसाळा तोंडावर आला. सांगड खरी आहे.

पण वारा कधी सुटेल, ढग किती येतील, मधेच खंड पडेल का, हे एका सूर्यावर ठरत नाही. समुद्र किती तापला, हवेचा दाब कुठे कमी झाला, अशा कितीतरी गोष्टींवर ते ठरते. २०२३ साली मोसमी पाऊस मुंबईला पोचला २५ जूनला. २०२५ साली तो पोचला २६ मे रोजी. एक महिन्याचा फरक! मृग मात्र दोन्ही साली आपल्या जागीच होता.

मग पेरावे कधी?

आता आबांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला हरकत नाही. मृगाने आबांना फसवले नाही. मृग हे घड्याळ आहे. सूर्य कुठे आला एवढे ते सांगते, आणि ते अगदी खरे सांगते. घड्याळात आठ वाजले म्हणजे एस.टी. यायची वेळ झाली. पण एस.टी. आली की नाही, हे फाट्यावर जाऊन बघावे लागते. घड्याळ बघून कोणी गाडीत चढत नाही.

तेव्हा मृगाच्या आधी तयारी पुरी करावी. कुळवणी झालेली असावी, बी घरात असावे, बियाण्याची उगवण तपासलेली असावी. पण पेरणी पाऊस बघून करावी. शेती खात्याचे सांगणे असे की, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, जमिनीत पुरती ओल गेल्यावर पेरावे. एक वळीव पडला म्हणून घाई करू नये. हात घालून ओल बघावी, वाफसा बघावा. हवामान खात्याचा अंदाज रोज सांगतात, तो ऐकावा.

पंचांगात नक्षत्राचे वाहनही दिलेले असते. बेडूक, म्हैस, घोडा, मोर. त्यावरून पाऊस सांगतात. ते वाहन आकड्यांच्या बेरीज-भागाकाराने काढतात. ढग, वारा किंवा समुद्र बघून काढत नाहीत. म्हणून त्याच्या भरवशावर बी मातीत टाकू नये. पंचांगातली सूर्य-चंद्राची गणिते पक्की आहेत. वाहनाची गोष्ट तशी नाही. दोन्ही एका पानावर छापलेली असली, तरी आपण ती निवडून वाचावीत. वाचता येऊ लागल्याचा उपयोग तो हाच.

शेवटी एक गोष्ट सांगायची राहिली. मृग अजिबात हलत नाही असेही नाही. भोवरा फिरता फिरता डुलतो, तशी पृथ्वीही फार हळू डुलते. त्यामुळे या तारखा सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालच्या मकर संक्रांतीचा. त्या दिवशी तारीख होती १२ जानेवारी. आता संक्रांत चौदा-पंधराला येते. आपल्या जन्मात हा फरक जाणवत नाही, पण पणतवंडांना जाणवेल.

आबांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "म्हंजे मृगाकडं बघून औत जुपायचं, आन् मातीकडं बघून बी सोडायचं."

यापेक्षा चांगले आम्हांला सांगता येणार नाही.

करून बघा

१. अंगणात एक सरळ काठी रोवा. रोज दुपारी सर्वांत आखूड सावलीच्या टोकाला खूण करा. वर्षभर सावली कशी लांबते-आखडते ते बघा. महाराष्ट्रात वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलै-ऑगस्टमध्ये, भर दुपारी काठीची सावली नाहीशी होते. ढग नसतील तर ते दिवस टिपून ठेवा.

२. पुनवेनंतर चार दिवस चंद्र उगवण्याची वेळ लिहा. तो रोज किती मिनिटे उशिरा उगवतो?

३. घरातल्या कॅलेंडरवर मृग आणि गणेश चतुर्थी शोधा. मागच्या वर्षीच्या तारखांशी ताडून बघा. कोण हलले, आणि का, हे घरच्यांना समजावून सांगा.